१५ मीटरांची अट पाळूनही सोकपिट रद्द: पेडण्यातल्या एका घराचं प्रकरण

जागा गोव्यातल्या पेडणे तालुक्यातली. वर जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, खाली भाताची शेतं आणि मधल्या उतारावर घरं. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागी नवं घर उभं राहत होतं, जोतं पुरं झालं होतं. घरात माणसं सहा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबई-पुण्याहून भावांची कुटुंबं आली की वीस.

सांडपाण्याची आखणी आपल्याकडे नेहमी असते तीच होती. मागच्या कोपऱ्यात दोन कप्प्यांची सेप्टिक टँक, तिच्या पुढे तीन मीटर खोल, जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेला गोल सोकपिट, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा. गोव्यात बांधकामाच्या परवानगीत एक अट ठरलेली असते: सोकपिट विहिरीपासून १५ मीटरांच्या आत नको. इथे शेजारच्या काकींची विहीर १७ मीटरांवर होती, म्हणजे कागदात खोट नव्हती. सेप्टिक टँकसाठीचं भारतीय मानक २४७० अशा शोषणाच्या जागेसाठी पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर सांगतं. त्या हिशेबाने एक मीटर कमी पडत होता, पण त्या एका मीटरावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मीटर १५ असोत की १८, टेपने जमिनीवरून मोजलेलं अंतर जमिनीच्या आतल्या वाटेबद्दल काहीच सांगत नाही.

काकींची हरकत साधी होती. विहीर उताराच्या खालच्या अंगाला, पाणी उताराने येणार. घरमालकाने माती आणि पाझर तपासणाऱ्या आम्हाला बोलावलं ते काकींना दाखवायला एक कागद हवा म्हणून. कंत्राटदार तर निर्धास्त होता. "साहेब, इथला चिरा पाणी असं पितो की सोकपिट कधी भरणारच नाही." त्याचं म्हणणं खरं होतं आणि सगळी अडचणही तिथेच होती.

मे महिन्यातले खड्डे

आम्ही तीन जागी पाहणीचे खड्डे घेतले. मागचा कोपरा, म्हणजे सोकपिटाची ठरलेली जागा. शेताकडची खालची कड. आणि घराच्या वरच्या अंगाचं मोकळं भाट, म्हणजे बागायतीची जागा, जिथे काजूची चार झाडं सोडली तर काही नव्हतं. खड्ड्यात उतरून भिंत खुरप्याने ताजी तासल्याशिवाय थर कळत नाहीत, कारण जेसीबीचं बकेट माती सारवून सगळं एकसारखं करून टाकतं.

मागच्या कोपऱ्यात वर जेमतेम ४० सेंटीमीटर तांबडी खडेदार माती होती. तिच्याखाली २.३ मीटरपर्यंत घट्ट जांभा, बोट सहज जाईल अशा आडव्या-तिरप्या भोकांनी भरलेला. त्याच्याही खाली एकदम पांढरट-गुलाबी चिकणमाती, ओली करून चिमटीत दाबली तर लांब पट्टी निघणारी. ही जोडी गोव्यात जागोजागी भेटते. वरचा जांभा पाणी खाली सोडतो, खालची चिकणमाती ते अडवते, आणि अडलेलं पाणी दोहोंच्या सांध्यावरून आडवं चालू लागतं. डोंगराच्या कुशीतल्या कितीतरी झऱ्यांचं आणि विहिरींचं पाणी ह्याच सांध्यावरचं असतं.

शेताकडच्या कडेला अर्ध्या मीटरनंतर राखाडी माती लागली, तिच्यात नारिंगी-तांबडे डाग. असे डाग दिसले की ती माती वर्षातले काही महिने पाण्याखाली असते, मग मे महिन्यात ती कितीही कोरडी दिसो. ही जागा तिथेच बाद झाली. वरच्या भाटात मात्र उतारावरून येऊन साचलेली खडेदार माती होती, चांगली १.७ मीटर जाड, मुळं खोलवर गेलेली. जांभा तिच्याखाली.

पाझराची चाचणी

पद्धत मानकातलीच. शोषणाची जी पातळी ठरवायची त्या खोलीपर्यंत १० ते ३० सेंटीमीटर रुंदीचं भोक घ्यायचं. बाजू टोकदार सळीने खरवडायच्या, म्हणजे खणताना लिंपली गेलेली माती निघते. तळाला थोडी खडी घालायची आणि निदान ३० सेंटीमीटर पाणी भरून रातभर मुरू द्यायचं. लोक वगळतात ती नेमकी ही रात्र. कोरडी माती पहिल्या तासात पाणी अधाशासारखं ओढते, आणि तो आकडा वर्षभराचा म्हणून नकाशावर चढतो. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटीमीटर पाणी ठेवायचं, अर्ध्या तासात पातळी किती उतरली ते मोजायचं, आणि २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढायचं. पाणी रात्रीत आटलं असेल तर चार तास दर अर्ध्या तासाने भरत-मोजत राहून शेवटचा आकडा धरायचा. रेताड जमिनीत दहा-दहा मिनिटांनी तासभर मोजलं तरी चालतं.

मागच्या कोपऱ्यात जांभ्यातल्या भोकात पाणी राहिना. १५ सेंटीमीटर पाणी तीन मिनिटांच्या आत गेलं, म्हणजे २५ मिलिमीटरला अर्धं मिनिट. त्याच खड्ड्याच्या तळाशी, चिकणमातीत घेतलेल्या भोकात मात्र रात्रीचं पाणी सकाळी तसंच उभं होतं. तिथे अर्ध्या तासात ९ मिलिमीटर उतरलं, म्हणजे २५ मिलिमीटरला ८३ मिनिटं. एकाच खड्ड्यात अर्ध्या मीटराच्या फरकाने ही दोन उत्तरं.

आता ही उत्तरं तक्त्यात घालून बघा. मानकाचं सूत्र सोपं आहे: २०४ ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागायचं, की एका चौरस मीटरवर रोज किती लिटर सांडपाणी सोडता येईल ते मिळतं. एक मिनिट किंवा त्याहून कमी वेळ लागत असेल तर पूर्ण २०४ लिटर. म्हणजे नुसता जांभ्यातला आकडा घेतला असता तर मागचा कोपरा सगळ्यात गुणी ठरला असता. ८०० लिटरला चार चौरस मीटर पुरेत! कंत्राटदाराने अनुभवातून काढलेला निष्कर्ष आणि तक्ता इथे एकाच सुरात बोलत होते.

पण तक्ता मातीसाठी आहे. सांडपाणी स्वच्छ होतं ते मातीच्या बारीक छिद्रांतून हळू जाताना. कणांना चिकटून राहिलेल्या जंतूंना तिथे हवा मिळते, दुसरे सूक्ष्मजीव त्यांना खातात, बाकीचे काळाने मरतात. सेप्टिक टँकमध्ये फक्त गाळ खाली बसतो आणि काही प्रमाणात कुजतो. टँकमधून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी रोगजंतूंनी भरलेलंच असतं, खरी सफाई मातीची. बोटभर भोकातून पाणी धावतं तेव्हा ते गाळलं जात नाही, फक्त जागा बदलतं. भेगाळ खडकात आणि चुनखडीत अशी शोषणव्यवस्था नको, कारण खडकातल्या वाटा घाण लांबवर नेतात, असं मानकात स्पष्ट म्हटलं आहे. त्यात जांभ्याचं नाव नाही. वागण्याने मात्र आपला भोकाळ जांभा त्याच जातीचा.

वरच्या भाटात ६० सेंटीमीटर खोलीवर तीन भोकं घेतली. अर्ध्या तासात ५१, ४२ आणि ३८ मिलिमीटर उतार मिळाला, म्हणजे साधारण १५, १८ आणि २० मिनिटं. शोषखड्ड्याला मानकाची मर्यादा ३० मिनिटांची आणि चरांना, म्हणजे पाणी मुरवणाऱ्या लांब, उथळ खाचांना, ६० ची. त्यात हे आकडे आरामात बसतात. शेताकडचा आकडा सवा-दोन तासांच्या घरात गेला. ती जागा आधीच बाद होती, म्हणून त्यावर अधिक वेळ घालवला नाही.

पावसाची वाट

मे महिन्यात हा अहवाल देऊन मोकळं होता आलं असतं. कंत्राटदाराला तेच हवं होतं, कारण जून लागला की जेसीबी चिखलात उतरत नाही. आम्ही घराचं काम चालू ठेवायला सांगितलं आणि शोषणाची जागा पावसाळा संपेपर्यंत थांबवली. त्यावरून थोडी बोलाचाली झाली. पण तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात भूजलाची पातळी मे महिन्यात मोजून ठरवायची म्हणजे भरतीची रेषा ओहोटीला आखायची. शिवाय ह्या घरावरचा सगळ्यात मोठा भार येतो चवथीला, ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा जमिनीत पाणी सगळ्यात वर असतं. वीस माणसं आणि तुडुंब जमीन एकाच आठवड्यात.

काकींना विचारलं, पावसात तुमच्या विहिरीचं पाणी कुठवर येतं? त्यांनी आकडा सांगितला नाही. म्हणाल्या, "श्रावणात वरचे चार चिरे सोडले की पाणी. तू मोजून बघ रे बाबा." मोजले. चार थर सांध्यांसकट ८५ सेंटीमीटर भरले, आणि शेवाळाची दाट पट्टीही तिथूनच सुरू होत होती. मे महिन्यात त्याच विहिरीत पाणी ६.१ मीटरवर होतं. अशी माहिती कुठल्याही नोंदवहीपेक्षा आधी घ्यावी. घरातली पाणी शेंदणारी बाई पातळीबद्दल सहसा चुकत नाही.

तरी मापन हवंच. मागच्या कोपऱ्यात आणि भाटात प्रत्येकी एक पीव्हीसी पाइप उभा गाडला. त्याला करवतीने चिरा पाडल्या, भोवती खडी भरली, वर टोपण बसवलं आणि तोंडाशी माती ठोकून पावसाचं पाणी थेट आत जाणार नाही असं केलं. टेपला वजन बांधून रोज सकाळी पातळी लिहायचं काम घरमालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने घेतलं. तिच्या वहीत पावसाचा जोर शब्दांत लिहिलेला आहे, "रातभर", "फक्त शिंतोडे", आणि ते शब्द आकड्यांशी नीट जुळतात.

सलग जोरदार पावसाच्या दिवसांत मागच्या कोपऱ्यातल्या पाइपमध्ये पाणी जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं. म्हणजे तीन मीटरचा सोकपिट अडीच मीटर भूजलात उभा राहिला असता. असा खड्डा काही शोषत नाही, तो विहिरीच्या पाण्यातच उघडतो. गवंड्याच्या लेव्हल पाइपने उंच-सखल तपासलं तेव्हा ती जमीन विहिरीच्या काठापेक्षा १.१ मीटर उंच निघाली. त्या दिवशी विहिरीत पाणी काठापासून ८५ सेंटीमीटर खाली, अगदी चार चिरे. हिशेब मांडला तर १७ मीटरांत पाण्याचा उतार जवळजवळ दीड मीटर, आणि तोही काकींच्या विहिरीकडे.

उतार आहे म्हणजे वाट आहेच असं नाही, म्हणून मीठ घालून पाहिलं. काकींची परवानगी घेतली; त्या दिवसांत त्यांनी प्यायला नळाचं पाणी वापरलं. विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता १०५ मायक्रोसिमेन्स होती; पाण्यात क्षार जितके जास्त तितका हा आकडा मोठा. जांभ्याच्या भागातलं पाणी असं मऊच असतं, त्यामुळे थोडं मीठही लगेच दिसतं. मागच्या खड्ड्यात १० किलो मीठ विरघळवून ओतलं. दुसऱ्या सकाळी विहिरीत १७०. मग तीन-चार दिवसांत आकडा हळूहळू पूर्वपदावर आला. पावसाच्या पाण्याने वाहकता उतरते, चढत नाही, तेव्हा ही वाढ मिठाचीच. सांडपाण्यातल्या जंतूंना मरायला आठवडे लागतात, आणि इथे १७ मीटरांचा प्रवास एका रात्रीत.

ह्यानंतर कंत्राटदाराने सोकपिटाचा विषय काढला नाही.

वरचं भाट आणि त्याचा ढीग

भाटातल्या पाइपमध्ये सगळ्यात वरची पातळी १.४ मीटर मिळाली. इथे मे महिन्यातला निष्कर्षही बदलला. भूजल १.८ मीटरांच्या आत येत असेल तर मानक साधे चर नको म्हणतं. चर अंशतः किंवा पूर्ण जमिनीच्या वर, मातीच्या ढिगात घ्यावे लागतात. म्हणून तळ ६० ऐवजी ३० सेंटीमीटरवर आणला आणि वर भर घातली. चराच्या तळाखाली अगदी भर पावसातही १.१ मीटर न बुडालेली माती राहते. पाझराचा आकडा मात्र ६० सेंटीमीटरवरचाच धरला, कारण पाणी शेवटी त्या थरातून जाणार, आणि वर सैल भर घातल्याने खालची माती काही जास्त पाणी घेणार नाही.

भाराचा हिशेब करताना न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी वेगळं काढलं. ते इथे पूर्वीपासून माडांच्या मुळाशी जातं, तसंच जाऊ दे. राहिलं संडासाचं. माणशी ४० लिटर धरले तर रोजचे २४०, चवथीला ८००. मोजलेल्या २० मिनिटांऐवजी ३० मिनिटं धरली, कारण वापराने चराच्या तळाशी चिकट थर धरतो आणि पाझर मंदावतो. तीस मिनिटांना दर ३७ लिटर, म्हणजे जवळजवळ २२ चौरस मीटर तळ हवा. पाऊण मीटर रुंदीचे, दहा-दहा मीटरांचे तीन चर घेतले की साडेबावीस होतात. मधलं अंतर १.८ मीटर. तळाला धुतलेली खडी, तिच्यात भोकं पाडलेला पाइप, वर माती आणि गवत. काजूच्या झाडांपासून दूर, घरापासून सहा मीटरांच्या पलीकडे, विहिरीपासून ३१ मीटरांवर.

एक कटकट उरली. भाट घराच्या वर आहे, त्यामुळे टँकमधलं पाणी पंपाने चढवावं लागतं. घरमालकाला ते पटायला वेळ लागला. "घाणीच्या पाण्याला पंप? लोक काय म्हणतील?" जोतं बांधायच्या आधी ही तपासणी झाली असती तर संडास वरच्या बाजूला घेऊन पंप वाचवता आला असता. खड्डे आणि पाझर आधी, घराचा आराखडा नंतर, हा क्रम गोव्यात फारच कमी ठिकाणी पाळला जातो. वीज जाते हे धरून पंपाच्या कप्प्यात एका दिवसाचं पाणी मावेल एवढी जागा ठेवली.

टँकबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे चिऱ्यांच्या टँकचा तळ कित्येकदा मुद्दाम काँक्रीटविना सोडतात, "तेवढंच मुरतं" म्हणून. ती सेप्टिक टँक नव्हे, दोन कप्प्यांचा शोषखड्डा. इथे तळ आणि भिंती काँक्रीटच्या घेतल्या, आतून प्लास्टर केलं, पाणी भरून दिवसभर पातळी उतरत नाही हे पाहिलं आणि मगच वर स्लॅब टाकला. गाळ उपसायचा तो उन्हाळ्यात. भर पावसात टँक रिकामी केली तर भूजल तिला खालून उचलतं, आणि प्लास्टिकच्या हलक्या टँक तर खरोखर वर येतात.

विहिरीचं पाणी

नवं घर वापरात यायच्या आधीचा नमुना घेणं हा ह्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भाग. आधीचा आकडा नसेल तर नंतर काहीही सिद्ध होत नाही, फक्त भांडण होतं. नमुना घ्यायला गेलो तेव्हा काकी म्हणाल्या की गेल्या आठवड्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली होती. मग थांबलो, कारण त्या पाण्यात जंतू न सापडणं म्हणजे पावडरीचा अहवाल. पुढे निर्जंतुक बाटली वजन बांधून थेट पाण्यात सोडली (बादलीतून ओतली की बादलीचे जंतू येतात), बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत दिली.

लिटरमागे नायट्रेट ६ मिलिग्रॅम, क्लोराइड १४. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे भारतीय मानक १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ आणि क्लोराइडची २५०, तेव्हा रसायनांच्या बाजूने पाणी उत्तम. पण ई. कोलाय, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू, सापडले. ते १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये. आणि हा नमुना नव्या घराचा एक थेंबही जमिनीत जायच्या आधीचा.

मग टेप दुसरीकडे लावली. काकींच्या स्वतःच्या संडासाचा शोषखड्डा, बरीच वर्षं जुना, त्यांच्याच विहिरीपासून ११ मीटरांवर निघाला, त्याच जांभ्यात. हे त्यांना कसं सांगायचं ह्यावर घरमालक आणि आम्ही बराच वेळ घुटमळलो. शेवटी त्यांच्या मुलाला मिठाचे आकडे दाखवले. तो वाहिन्या जोडण्याचं काम करतो, त्याला बाकी समजावून सांगावं लागलं नाही. विहिरीचं पाणी आता उकळून पितात.

चर हिवाळ्यात झाले, घर वापरात आलं. पहिल्या चवथीत घरात वीसहून थोडी जास्तच माणसं होती. चरांत ठेवलेल्या पाहणीच्या पाइपांपैकी दोन कोरडे राहिले आणि पहिल्यात सात सेंटीमीटर पाणी उभं राहिलं. तिन्ही चरांत पाणी वाटून देणारी पेटी, खालची भर दबल्यामुळे, एका बाजूला कलली होती. ती सरळ केल्यावर तिन्ही चर सारखं पाणी घेऊ लागले. त्या महिन्याच्या नमुन्यात विहिरीतलं नायट्रेट आणि क्लोराइड जवळपास तसंच होतं. ई. कोलायही होतेच, आधीइतकेच.

सध्या चर्चा चौथ्या चराची चालू आहे. काकींच्या आवारात शोषणाला योग्य माती नाही. दोन ठिकाणी खणून पाहिलं, अर्ध्या मीटरवर जांभा लागतो. त्यांच्याकडे चार माणसं आणि चवथीला त्यांच्याकडेही गर्दी, त्यामुळे तीन चरांत त्यांचा भार घुसवता येत नाही. भाटात आणखी एका चराला जागा आहे आणि तिथली माती तशीच आहे. पाइप दोन्ही घरांच्या मधून जाईल, पंप दुसरा लागेल. जमीन एकाची, सांडपाणी दुसऱ्याचं, तेव्हा साध्या तोंडी शब्दावर हे करू नका असं आम्ही दोघांनाही सांगितलं आहे. लेखी करार झाला की काजूचा हंगाम संपताच खोदाई होईल.